नानांची ऑर्डरवही

कसबा पेठेत, फडके हौदाकडून कसबा गणपतीकडे येणाऱ्या एका गल्लीत नानांचं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान होतं. आत तीन संगणक, एक लेझर प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन आणि भिंतीला लागून कागदाची रिमं. तिन्ही संगणक तारेने एकमेकांना जोडलेले, त्यामुळे एकावर टाइप केलेला मजकूर दुसऱ्यावरून छापता यायचा. श्रीलिपीत टायपिंग करायला शेजारच्या वाड्यातल्या वहिनी येत. मजकूर तपासणं आणि पानं लावणं नाना स्वतः करत. काउंटरवर एक जाड ऑर्डरवही असे. कोण आलं, कोणत्या तारखेला, काय काम दिलं, मजकूर कागदावर दिला की पेनड्राइव्हवर, सगळं त्यात नानांच्या अक्षरात नोंदलेलं असे.

गोष्ट 2009 सालच्या ऑगस्टमधली. त्या महिन्याच्या 3 तारखेला स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला आणि शहर हादरलं. नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या. शाळा-कॉलेजं, चित्रपटगृहं काही दिवस बंद झाली. ज्याला मास्क मिळाला त्याने मास्क लावला, ज्याला मिळाला नाही त्याने तोंडाला रुमाल बांधला. गणेश चतुर्थी 23 ऑगस्टला होती. उत्सव साधेपणाने करायचा म्हटलं तरी वर्गणीच्या पावत्या, कार्यक्रमपत्रिका आणि जाहिरातींचे अहवाल छापायचे होतेच. नानांचं वर्षाचं गणित या एका महिन्यावर उभं असे.

नेमके तेव्हाच संगणक विचित्र वागू लागले. अँटिव्हायरसचं रोजचं अपडेट येईना. इंटरनेटवर बाकी सगळं उघडे, पण अँटिव्हायरस कंपन्यांच्या आणि मायक्रोसॉफ्टच्या साइट तेवढ्या उघडत नसत. एका मशीनवरून दुसऱ्यावर फाइल पाठवायला वेळ लागू लागला. नानांनी नेहमीच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने सगळ्यात हळू चालणारं मशीन फॉरमॅट केलं, विंडोज एक्सपी नव्याने टाकलं, तार जोडली आणि तो गेला. संध्याकाळपर्यंत तेच मशीन पुन्हा तसंच वागू लागलं.

कॉलेज बंद असल्यामुळे नानांची पुतणी त्या दिवसांत दुकानात येऊन बसायची. इंजिनिअरिंगला, संगणक शाखेत होती. दोन-तीन साइट उघडून बघितल्या, सेटिंग्ज तपासली आणि म्हणाली, "काका, हा साधा व्हायरस नाही. हा वर्म आहे."

"नाव काही असो. फरक काय पडतो?"

"उपाय बदलतो. व्हायरस दुसऱ्या कुठल्या तरी फाइलला चिकटतो. ती फाइल कुणी उघडली की तो कामाला लागतो. वर्मला कुणाच्या फाइलची गरज नसते. तो स्वतःच एक पूर्ण प्रोग्रॅम असतो, आपल्या प्रती आपणच काढतो आणि तारेवरून शेजारच्या मशीनमध्ये शिरतो. तुम्ही एक मशीन धुऊन काढलंत आणि पुन्हा त्याच दोन आजारी मशीनना जोडलंत. मग संध्याकाळपर्यंत ते आजारी पडणारच."

वर्मचं नाव कॉनफिकर. नोव्हेंबर 2008 मध्ये तो जगात पहिल्यांदा दिसला आणि काही महिन्यांत लाखो संगणकांत पोहोचला. फ्रान्सच्या नौदलाचे संगणकही त्यातून सुटले नव्हते. तो सोडणाऱ्याला पकडून देणाऱ्यासाठी मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी 2009 मध्ये 2,50,000 डॉलरचं बक्षीस लावलं होतं. पुतणीने नानांना त्याच्या तीन वाटा सांगितल्या. पहिली वाट विंडोजमधल्या एका भोकाची. ते बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने 23 ऑक्टोबर 2008 लाच दिला होता, म्हणजे वर्म यायच्या आधी. पण इंटरनेट वेगात चालावं म्हणून मेकॅनिकने तिन्ही मशीनवरची अपडेट बंद करून ठेवली होती. दुसरी वाट सोप्या पासवर्डची. वर्म स्वतःजवळच्या यादीतला एकेक पासवर्ड लावून बघतो. दुकानातल्या तिन्ही मशीनचा पासवर्ड 12345 होता आणि तो त्या यादीत होता. तिसरी वाट पेनड्राइव्हची.

"आणि आपल्याला औषध मिळू नये म्हणून तो अँटिव्हायरसच्या साइटच बंद करतो," ती म्हणाली. "म्हणून औषध बाहेरून आणायला हवं."

सदाशिव पेठेतल्या मैत्रिणीचा संगणक स्वच्छ होता. पुतणीने तिच्याकडे जाऊन वर्म काढणारं टूल आणि विंडोजचा पॅच उतरवून घेतला. पेनड्राइव्हवर नाही, सीडीवर. एकदा लिहून बंद केलेल्या सीडीवर वर्मला स्वतःची प्रत टाकता येत नाही. रात्री दुकान बंद केल्यावर तिने आधी तिन्ही मशीनच्या तारा काढल्या, मग इंटरनेटची. प्रत्येक मशीनवर टूल चालवलं, पॅच टाकला, मशीन बंद करून चालू केलं, पुन्हा तपासलं, लांबलचक नवे पासवर्ड ठेवले. तिन्ही स्वच्छ झाल्याची खात्री पटेपर्यंत एकही तार परत जोडली नाही. घरी जायला मध्यरात्र उलटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका मंडळाचा कार्यकर्ता पेनड्राइव्ह घेऊन आला. वहिनींनी तो लावला. नेहमीसारखी खिडकी उघडली, त्यात फोल्डरचं चित्र होतं आणि फाइल बघण्यासाठी फोल्डर उघडा असं लिहिलेलं होतं. वहिनींनी त्यावर क्लिक केलं. तासाभरात त्या मशीनवर अँटिव्हायरसची साइट उघडेनाशी झाली.

पुतणीने ती खिडकी पुन्हा उघडून वहिनींना दाखवली. फोल्डर उघडण्याची तीच ओळ खिडकीत दोनदा होती. खालची ओळ विंडोजची, खरी. वरची ओळ पेनड्राइव्हमधला प्रोग्रॅम चालवणारी होती, ती वर्मची. चित्र तेच, शब्द तेच. घाईतल्या माणसाचा हात वरच्या ओळीवरच जाणार. पेनड्राइव्ह लावताच त्यातला ऑटोरन नावाचा मजकूर तेव्हाचं विंडोज आपणहून वाचायचं, त्या सोयीचा वर्मने फायदा घेतला होता. वहिनी रडकुंडीला आल्या. पुतणी म्हणाली, "वहिनी, फसवण्यासाठीच बनवलेली गोष्ट आहे ही. दार उघडं ठेवलं होतं ते मी. ऑटोरन मी कालच बंद करायला हवं होतं."

त्या रात्री पुन्हा तारा निघाल्या, पुन्हा सगळं झालं आणि या वेळी तिन्ही मशीनवर ऑटोरन बंद झालं. मग पुतणीने लपवलेल्या फाइल दाखवण्याचं सेटिंग चालू करून कार्यकर्त्याचा पेनड्राइव्ह बघितला. त्यात विंडोजच्या कचरापेटीच्या नावाचं एक लपलेलं फोल्डर होतं आणि आत वर्म बसलेला होता.

सकाळी कार्यकर्ता पेनड्राइव्ह न्यायला आला तेव्हा तिने विचारलं, "दादा, हा आणखी कुठे लावला होता का?"

"कुठे नाही. गेल्या आठवड्यात नवा घेतलाय. पहिल्यांदा इथेच लावला, पावत्यांचं डिझाइन न्यायला. घरी संगणक नाही माझ्याकडे."

तो गेल्यावर दोघं काही वेळ बोलली नाहीत. मग नाना म्हणाले, "म्हणजे हा आपल्याकडूनच गेला होता."

"हो काका. आपलाच वर्म आपल्याकडे परत आला. आणि पंधरा दिवसांत आपल्याकडून किती पेनड्राइव्ह गेले असतील, त्याचा विचार करा."

नानांनी विचार केला आणि तो त्यांना आवडला नाही. "हे बघ, आपली मशीन आता स्वच्छ आहेत. पॅच आहे, पासवर्ड आहे, ते ऑटोरन का काय ते बंद आहे. आता कुणीही आजारी पेनड्राइव्ह आणला तरी आपल्याला काही होणार नाही. बरोबर?"

"आपल्याला नाही होणार."

"मग झालं तर. चतुर्थी तोंडावर आलीये. नानांच्या दुकानात व्हायरस आहे, असं एकदा पेठेत पसरलं की अहवालाची कामं जातील दुसरीकडे. शिवाय तो माझ्याकडे तरी कुणीतरी आणलाच की! मीच एकट्याने का ओरडून सांगायचं?"

पुतणी मोठ्या माणसापुढे जास्त बोलली नाही. एवढंच म्हणाली, "ज्याने आणला त्यालाही कुणी सांगितलं नसणार, काका."

नाना कामाला लागले. पण दोन दिवसांनी एक पॅथॉलॉजी लॅबवाला लेटरहेडची छपाई न्यायला आला आणि काउंटरवर हात टेकून उभा राहिला. त्याचे डोळे जागरणाने लाल झाले होते. म्हणाला, "नाना, उशीर झाला. काय सांगू, लॅबमधला संगणक आत शिरूच देत नाही. पासवर्ड बरोबर टाकला तरी खातं लॉक झालंय म्हणतो. तापाचे पेशंट रांगेत बसलेत, रक्ताचे रिपोर्ट हाताने लिहून देतोय. लोक आधीच घाबरलेले. रिपोर्टला उशीर झाला की त्यांच्या पोटात गोळा येतो."

वर्म पासवर्ड लावून लावून बघतो तेव्हा चुकीच्या प्रयत्नांमुळे खातं लॉक होतं, हे पुतणीने नानांना सांगितलेलं होतं. नानांनी ऑर्डरवही ओढली. लॅबवाल्याचं नाव निघालं. तारीख 6 ऑगस्ट, काम लेटरहेड, मजकूर पेनड्राइव्हवर. नानांनी वही मिटली. तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. लॅबवाला छपाई घेऊन निघून गेला.

त्या संध्याकाळी नाना वाड्यातल्या आजींकडे जाऊन बसले. आजी पंच्याऐंशीच्या. त्यांनी नानांना लहानपणापासून पाहिलेलं. नानांनी सगळं सांगितलं. संगणक आजींना कळत नव्हता, पण रोग आणि लपवणं कळत होतं.

आजी म्हणाल्या, "माझ्या सासूबाई प्लेगचं सांगायच्या. अठराशे सत्त्याण्णव साली त्या लहान होत्या. प्लेगसाठी नेमलेल्या रँडसाहेबाचे गोरे सोजीर घरात शिरायचे, सामान फेकायचे, बायकामाणसांची अब्रू ठेवायचे नाहीत. आजारी माणसाला उचलून न्यायचे. मग लोकांनी काय करावं? आजारी माणसं लपवली. रोग काही सोजिरांना घाबरून थांबला नाही. तो वाढतच गेला. माणसं दगावली, आणि लपवणाऱ्यांच्या घरातलीही दगावली."

"म्हणजे लोकांचं चुकलं का?"

"अरे, माणूस रोग लपवत नाही, रोगापायी होणारा अपमान लपवतो. त्या वेळी विचारणाराच दांडगाई करत होता, मग सांगणार कोण? तुला कोण मारतंय? आणि तू लोकांकडे जाशील तेव्हा तू तरी कुणाला बोल लावू नकोस. तुमच्याकडे रोग आहे म्हणालास तर दार लावून घेतील. माझ्याकडून आलाय म्हण, आत बोलावतील."

नाना परत आले ते वही घेऊनच. जुलैअखेरपासूनच्या नोंदी काढल्या आणि ज्यांच्या पुढे पेनड्राइव्ह लिहिलेलं होतं त्या प्रत्येक नावाखाली पेन्सिलीने रेघ मारली. पहिला फोन लॅबवाल्याला. "तुझ्या मशीनला जे झालंय ते बहुतेक माझ्या दुकानातून आलंय. पोरीला सीडी घेऊन आत्ता पाठवतो. तोवर मशीनची नेटवर्कची तार काढून ठेव." लॅबवाला आधी गप्प झाला, मग म्हणाला, "पाठवा नाना. लवकर पाठवा." पुतणीने रात्री लॅबमधली दोन्ही मशीन स्वच्छ केली. सकाळी रिपोर्ट छापून निघाले.

दुसऱ्या दिवशी दुकानावर वहिनींनी टाइप केलेला मोठ्या अक्षरातला कागद लागला. त्यावर लिहिलं होतं: आमच्या संगणकांत वर्म शिरला होता. आता ते स्वच्छ आहेत. गेल्या महिन्याभरात आपण इथे पेनड्राइव्ह लावला असेल तर आपल्याकडेही तो गेला असू शकतो. पेनड्राइव्ह घेऊन या, तपासून देऊ. संगणकासाठी सीडी देऊ. पैसे नाहीत. दोष आपला नाही.

शेवटची ओळ नानांनी आग्रहाने घातली.

जे येणार नाहीत त्यांच्याकडे नाना स्वतः गेले. तांबट आळीतल्या एका कारागिराने भांड्यांच्या फोटोंचा पेनड्राइव्ह दिला होता. तो हातोडी खाली ठेवून ऐकत राहिला आणि मुलाच्या संगणकाचं काय झालंय ते आत्ता कळलं म्हणाला. एका शाळेच्या बाईंनी दार अर्धंच उघडलं. त्यांच्या संगणकावर सत्राच्या प्रश्नपत्रिका होत्या आणि मशीन बिघडल्याचं त्यांनी शाळेत कुणाला सांगितलंच नव्हतं, आपणच काही चुकीचं दाबलं असेल या भीतीने. नाना म्हणाले, "बाई, तुम्ही काही दाबलं नाहीत. माझ्याकडून आलंय." बाईंनी दार पूर्ण उघडलं, आणि शाळेतल्या आणखी दोन मशीनचंही सांगितलं. त्या दोन मशीनपर्यंत नानांची वही कधीच पोहोचली नसती.

सगळीकडे असं झालं नाही. एका मोठ्या मंडळाच्या खजिनदाराने पाटी वाचली, आपला अहवाल परत मागितला आणि काम दुसऱ्या प्रेसला दिलं. नानांनी फाइल सीडीवर घालून दिली, त्यांचा पेनड्राइव्ह तपासून स्वच्छ करून दिला. ते काम त्या वर्षी गेलं, पुढच्या वर्षीही परत आलं नाही. नानांना त्याचं वाईट वाटलं, पण पाटी काढली नाही.

चतुर्थीपर्यंत वहीतल्या रेघ मारलेल्या बहुतेक नावांपुढे टिकमार्क आला होता. दुकानात एक जुनं मशीन वेगळं काढलं गेलं. त्याला ना नेटवर्कची तार, ना इंटरनेट, ऑटोरन बंद. येणारा प्रत्येक पेनड्राइव्ह आधी तिथे लागे, मगच कामाच्या मशीनवर. पुतणीने बऱ्याच पेनड्राइव्हमध्ये ऑटोरनच्या फाइलच्याच नावाचं एक रिकामं फोल्डर करून दिलं, म्हणजे त्या नावाची फाइल बनवणं वर्मला अवघड जावं. हा उपाय पक्का नाही, असंही ती प्रत्येकाला सांगे. गौरी-गणपतीच्या गर्दीत तपासणीला वेळ जायचा, गिऱ्हाईक थोडं थांबायचं. पण गल्लीत एक नवी रीत पडली. कुणाचं मशीन विचित्र वागू लागलं की तो पहिल्या दिवशी येऊन सांगू लागला. नानांच्या दुकानात सांगितलं तर कुणी हसत नाही, हे लोकांना कळलं होतं.

गोष्ट इथे संपते. तिचं तात्पर्य मात्र त्या गल्लीपुरतं नाही.

इंटरनेटवर पसरलेला पहिला मोठा वर्म 2 नोव्हेंबर 1988 रोजी अमेरिकेत सुटला. रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने तो लिहिला होता आणि हजारो संगणक त्याने अडवले. त्या घटनेनंतर काही दिवसांतच कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणक-संकटांसाठी एक केंद्र उभं राहिलं. ज्याच्यावर आपत्ती आली त्याने सांगावं आणि इतरांनी सावध व्हावं, हे त्याचं मुख्य काम. आपल्या देशात असंच काम करणारी सर्ट-इन ही संस्था 2004 पासून आहे. तिने फेब्रुवारी 2017 मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं, तिथून संगणक स्वच्छ करण्याची साधनं कुणालाही फुकट मिळतात. त्याच वर्षी 12 मे रोजी वॉनाक्राय हा वर्म जगभर पसरला. त्याचं भोक बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच दिला होता. त्यानंतर 27 जूनला नॉटपेट्या या वर्मने न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम थांबवलं, तेव्हाही तो पॅच उपलब्ध होता. म्हणजे नानांच्या दुकानात जे झालं तसं मोठ्या बंदरातही होऊ शकतं. औषध असतं, पण ते अनेकदा वेळेवर घेतलं जात नाही.

वर्म काढण्याची रीत अवघड नाही. आधी मशीन नेटवर्कपासून तोडावं. औषध स्वच्छ मशीनवरून आणावं. जोडलेली सगळी मशीन एकदम साफ करावीत, एकेक नाही. ज्या वाटेने वर्म आला ती वाट बंद केल्याशिवाय तार परत जोडू नये. अपडेट चालू ठेवावीत, पासवर्ड सोपा ठेवू नये. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत मशीनपासून वेगळी ठेवावी. एवढं कुणालाही शिकता येतं.

अवघड असतं ते नंतरचं काम. आपलं मशीन स्वच्छ झालं की आपली जबाबदारी संपली, असं मनाला फार लवकर पटतं. वर्म नेमका त्या समजुतीवर जगतो. प्रत्येकाने आपापलं साफ करून गप्प बसायचं ठरवलं तर तो एका घरातून निघून दुसऱ्यात राहतो आणि सवडीने पहिल्यात परततो. त्याला थांबवतो तो माणूस, जो नुकसान सोसून दुसऱ्याच्या दारात जातो आणि माझ्याकडून आलाय म्हणतो. आणि त्या माणसाला न हसता, न झिडकारता आत बोलावतो तोही.

तेव्हा उद्या तुमच्या संगणकात असं काही शिरलं, तर ते काढून टाका आणि त्याच दिवशी ज्यांच्याशी फाइलींची देवाणघेवाण झाली त्या सगळ्यांना कळवा. आणि कुणी तुमच्याकडे असं सांगायला आलं, तर त्याला दोष देऊ नका, त्याचे आभार माना.